एकशे चौऱ्याऐंशी नंबरच्या दोन बंदुका

नव्वदच्या दशकात मंचरला माझं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. आता हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "एवढ्या बंदुका होत्या का हो आपल्याकडं?" होत्या. ज्यांचं रान डोंगराच्या कडेला होतं आणि रानात बटाटा, भुईमूग नाहीतर ऊस होता, त्यांच्यातल्या पुष्कळांकडं पीकसंरक्षणाचं लायसन होतं. काही जुन्या घरांत पणजोबांच्या वेळेपासून चालत आलेली बंदूक होती. बाजारपेठेतल्या दोन-चार पेढ्यांवरही दरोड्याच्या भीतीनं कधीकाळी घेतलेली एखादी असायची. जुन्नरच्या पश्चिमेकडूनही माणसं यायची. सरकारी परवाना घेऊन दुरुस्ती करणारा जवळपास मीच एकटा होतो. त्यात पंपांची आणि लेथची कामं धरली की घर नीट चालायचं.

काम मी पुण्यात शिकलो. कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात अकरा वर्षं काढली. तिथं बड्या घरांतल्या इंग्लिश दुनळ्या यायच्या. अक्रोडाचा दस्ता, चांदीची नक्षी, मखमलीच्या पेटीत ठेवलेल्या. सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्या ओळखायला अक्कल लागत नाही. बनवणाऱ्याचं नाव सोन्याच्या अक्षरांत नळीवरच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की झालं.

ओळख लागते ती स्वस्तातल्या बंदुकीला. आमच्याकडच्या बहुतेक एकनळ्या बेल्जियमच्या. पेट्याच्या पेट्या भरून बोटीनं आलेल्या, इथल्या व्यापाऱ्यानं आपला ठसा मारून विकलेल्या, नाहीतर कुठलंच नाव नसलेल्या. दस्ता साध्या लाकडाचा, वरून रंग देऊन अक्रोडाचा भास आणलेला. नक्षी म्हणजे रूळ फिरवून उठवलेली दोन पानं. शेतकऱ्याला परवडावी म्हणून जिथं जिथं खर्च वाचवता येईल तिथं वाचवलेला. पण नळी सोडवून तिची खालची बाजू बघितली, की जिथं गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही तिथं कानसीचे हात दिसतात. एका कारागिराची कानस कायम थोडी उजवीकडं झुकायची. तो कोण, कधी मेला, मला ठाऊक नाही. पण त्याच्या हातच्या तीन बंदुका मी आंबेगाव-जुन्नरमध्ये ओळखल्या. स्वस्तातलं काम होतं, तरी त्यानं बिजागरीची खीळ अशी बसवली होती की साठ वर्षांनी नळी मिटताना कुलूप लागल्यासारखा एकच आवाज व्हायचा. त्या तिन्ही बंदुका माझ्या दुकानातून जाताना मला जड जायचं.

हे सगळं सांगायचं कारण, एका निवडणुकीनंतर याच ओळखीची परीक्षा झाली.

निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी आपापली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत न्यायची, हा रिवाज. त्या वेळी निकाल लागून चार दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमारास एक हवालदार एम-एटीवरून माझ्या दुकानासमोर उतरले. कुठल्या ठाण्याचे ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

"चला, फौजदारसायबांनी बोलावलंय. हत्यारं घेऊन चला."

मी म्हणालो, "हत्यारं तर सगळी तुमच्याकडंच जमा हाईत."

"पाना-पेचकस म्हणतोय मी, राव," हवालदार म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "उंदरांनी घात केलाय."

झालं होतं असं. बंदुका जमा करताना कुणीतरी प्रत्येक दस्त्याला कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. मालकाचं नाव, गाव, लायसनचा नंबर. डिंक संपला म्हणून चिठ्ठ्या खळीनं चिकटवल्या होत्या. मागच्या खोलीत उंदीर होते आणि महिनाभर त्यांना ती पिठाची खळ मिळाली. चिठ्ठ्यांचे नुसते तुकडे उरले होते. छत्तीस बंदुका भिंतीला टेकून उभ्या, आणि कुठली कुणाची हे सांगणारा कागद एकही नाही.

फौजदार तिशीतले, नुकतेच बदलून आलेले होते. "उद्या सकाळपासून माणसं न्यायला येणार," ते म्हणाले. "एकाची बंदूक दुसऱ्याच्या हातात गेली तर माझी नोकरी गेली. तुम्ही ओळखू शकाल का?"

"ओळखू शकेन," मी म्हणालो. मला जराही शंका नव्हती.

लायसनची नोंदवही समोर घेतली आणि बसलो. वीस-बावीस बंदुकांवर नंबर स्पष्ट होते, ते वहीशी जुळले. उरलेल्यांवरचे नंबर घासून गेले होते, पण त्यातल्या बहुतेक माझ्या दुकानात येऊन गेलेल्या. एकीला कळंबच्या सुतारानं बाभळीचा दस्ता बसवलेला, तो इतका जड की बंदूक मागंच कलायची. तिच्या मालकाला मी दोनदा सांगितलं होतं, दस्ता बदला. त्यानं ऐकलं नव्हतं, ते आता बरंच झालं. एकीच्या बुडाला टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला, खांद्याला लागू नये म्हणून. एकीवर खिळ्यानं 'श्री' कोरलेला. एकीच्या चापाभोवतीची पट्टी डावीकडून झिजलेली. तिचा मालक डावखुरा, हे मला माहीत होतं. हवालदार नवीन चिठ्ठी लिहून सुतळीनं बांधायचे, मी पुढची उचलायचो. चार वाजेपर्यंत चौतीस बंदुका मार्गी लागल्या.

दोन उरल्या.

वहीत दोनच नावं बाकी होती. एक मंचरच्या बाजारपेठेतले शेठ. त्यांचं घराणं तीन पिढ्यांमागं राजस्थानातून येऊन इथंच रुजलेलं जैन घराणं, कापडाची पेढी. दुसरं नाव एका बाईचं, महाळुंगे पडवळची शेतकरीण, नवऱ्यामागं लायसन स्वतःच्या नावावर करून घेतलेली. दोघांपैकी कुणाचीही बंदूक माझ्याकडं कधी दुरुस्तीला आली नव्हती. आणि वहीत दोघांच्याही नावापुढं बंदुकीचा नंबर एकच होता. एकशे चौऱ्याऐंशी.

फौजदारांनी वही दोनदा वाचली. "एकाच नंबरच्या दोन बंदुका कशा असतील?"

मी दोन्ही नळ्या सोडवून उलट्या करून दाखवल्या. बेल्जियमच्या बंदुकीवर नळीच्या खाली सरकारी परीक्षेचे बारके शिक्के असतात. त्यात नळीच्या आतल्या मापाचाही आकडा असतो. या दोन्हींवर तो होता १८.४, मिलिमीटरमध्ये. मधला ठिपका झिजलेला. कुण्या जुन्या कारकुनानं लायसन करताना जो आकडा दिसला तो बंदुकीचा नंबर समजून लिहून टाकला होता. खरे नंबर पलीकडं होते, वेगवेगळे, स्वच्छ. पण ते कुणी कधी लिहूनच घेतले नव्हते.

"हे म्हणजे मापाला नाव समजण्यासारखं झालं," फौजदार म्हणाले.

"झालं खरं. चाळीसेक वर्षं कुणाला कळलं नाही."

दोन्ही बंदुका एकाच घडणीच्या होत्या, पण दिसायला दोन टोकं. एक तेलानं चमकत होती. दस्त्याला काळा तकाकीदार रंग चढलेला, नळीवर डाग नाही. दुसरी बाहेरून गंजानं पार खाल्लेली, दस्ता फिका आणि कोरडा. फौजदारांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "यात काय अवघड आहे? चांगली ती शेठची, गंजकी ती शेतातल्या बाईची. लिहा, हवालदार."

"थांबा, साहेब," मी म्हणालो. "उलटं आहे."

ते माझ्याकडं वळले. "शेठ गावातला मोठा माणूस आहे. त्यांच्या हातात मी ही भंगार देऊ?"

"ज्याची आहे त्याच्या हातात द्या. उद्या दोघांनाही एका वेळी बोलवा. मी दाखवतो. आणि तोपर्यंत या दोन्हींना कुणी तेल लावू नका, पुसू पण नका."

मला जे दिसलं होतं ते मी त्या दिवशी बोललो नाही. दोन माणसांच्या वस्तूचा निवाडा त्यांच्या पाठीमागं करू नये असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे आपापल्या बंदुका घेऊन सह्या करून गेले. अकराच्या सुमारास बाई आल्या. पंचावन्नच्या असतील, नऊवारी, हातात लायसनचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. आल्या आल्या त्यांनी फौजदारांना सुनावलं, "सायेब, तुमच्या इलेक्शनपायी डुकरांनी माझं दोन वाफं बटाटं उकारलं. द्या लवकर."

थोड्या वेळानं शेठ आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, बोलणं अगदी आमच्यासारखंच. टेबलावर दोन बंदुका मांडलेल्या होत्या. शेठांनी चमकणाऱ्या बंदुकीकडं बोट केलं. "हीच आमची. आजोबांनी घेतलेली. चामड्याच्या म्यानात ठेवतो आमी, दर दसऱ्याला पूजा करतो."

बाई ताडकन म्हणाल्या, "अवो शेठ, ती माझी हाय!"

"ताई, अशी चकचकीत बंदूक रानात राहील का?"

"रानात न्हाई ऱ्हात, घरात ऱ्हाती. मी सोता पुसते. खोबऱ्याचं तेल न्हाई लावत, मशीनचं आणते मंचरवरनं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "डोळं झाकते. दोनी हातात द्या, मी सांगते कोंची माझी."

फौजदार म्हणाले, "बाई, तसं चालत नाही. पुरावा लागतो."

शेठांचा आवाज चढला. "साहेब, आमच्या घरात वस्तू गंजू देईल का कुणी? ही माझी नाही. मी ही नेणार नाही."

मी शेठांना विचारलं, "तुम्ही म्यानातून शेवटची कधी काढली होती?"

ते थबकले. "मी? मी कशाला काढू? आमच्यात बंदुकीला हात लावत नाहीत. म्यानावरच हळदकुंकू वाहतो. जमा करताना इथल्या माणसानं काढली असेल."

"तुमच्या वडलांनी?"

"त्यांनी पण न्हाई."

मी हवालदारांना सांगितलं, जमा करताना काढलेली म्यानं काल मागच्या खोलीत एका पेटीत बघितली, त्यातलं शेठांचं आणा. ते सापडायला वेळ लागला नाही. एकच म्यान चांगल्या चामड्याचं होतं आणि त्यावर आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर ठोकलेलं होतं. शेठांनी लगेच ओळखलं. मी ते तोंडाकडून उलटं करत गेलो. आत लाल फलाटीनचं अस्तर होतं आणि नळी जिथं टेकते तिथं ते लांबच्या लांब तांबेरलेलं होतं. मग गंजक्या बंदुकीची बिजागरी उघडून मी सुईच्या टोकानं गंजात रुतलेले दोन-तीन लाल तंतू काढले आणि पांढऱ्या कागदावर ठेवले. आदल्या दिवशीच ते मला दिसले होते.

"शेठ, चामडं पाणी धरतं," मी म्हणालो. "पावसाळ्यात ओल पितं आणि वर्षभर ती लोखंडाला देत राहतं. म्यानात ठेवलेली बंदूक बाहेर ठेवलेल्या बंदुकीच्या आधी गंजते. तुमच्या घरानं तिची हेळसांड केली नाही. जपली, म्हणून ती अशी झाली."

शेठांनी अस्तराला हात लावून बघितलं. चेहरा लाल झाला होता. फौजदार, हवालदार, एक परकी बाई, सगळ्यांसमोर आपल्या घरची वस्तू भंगार निघाली, हे त्यांना सोसत नव्हतं. ते उठायला लागले. मी म्हणालो, "दोन मिनिटं बसा. अजून एक दाखवायचंय. खरं तर तेच दाखवायचं होतं."

मी आधी चमकणारी बंदूक उघडली. काडतुसाचं बूड जिथं टेकतं ती पोलादाची सपाट जागा सगळ्यांना दाखवली. काडतुसावर आपटणाऱ्या पिनेच्या भोकाभोवती घासून घासून गोल खाच पडली होती, विहिरीच्या काठावर दोरानं पडते तशी. भोकाची कड चेपलेली. बंदूक मिटून मी तिरपी धरली, तर बिजागरीपाशी केसाएवढी फट. "ही शेकडो वेळा उडालेली आहे," मी म्हणालो. "आणि दर वेळी नीट पुसलेली आहे."

"बारा वर्सं मी उडवते," बाई म्हणाल्या. "त्याच्या आदी आमचं मालक उडवत. जनावराला मारायला न्हाई, वर बार काढायचा. आवाजानं पळत्यात डुकरं. लायसन नावावर करायला पुण्याला तीन येळा गेले. तितला सायेब मनला, बाई, तुमाला उडवता येती का? मी मनलं, तुमाला येती का?"

हवालदार हसले. फौजदार हसू दाबत वहीत बघू लागले.

मग मी गंजकी उघडली. बाहेरून तिची दशा झाली होती, पण आतली सपाट जागा तशीच होती जशी यंत्रावरून उतरली असेल. बारीक गोल गोल रेषा, ताटलीवर असतात तशा, एकही पुसलेली नाही. नळी सोडवून मी लांब सळईला पांढरं फडकं गुंडाळलं आणि आधी बाईंच्या बंदुकीतून आरपार काढलं. फडकं राखाडी-काळं आलं.

"आदल्या दिशी बार काढला व्हता, मग जमा केली. पुसायचं ऱ्हायलं," बाई ओशाळून म्हणाल्या.

दुसरं कोरं फडकं मी शेठांच्या बंदुकीच्या नळीतून ढकललं. ते सहज जाईना. जोर लावून बाहेर काढलं तर त्यावर पिवळट, घट्ट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी आलं. काळ्याचा ठिपका नाही.

मी ते फडकं शेठांच्या समोर पसरलं. "हे कारखान्यातलं ग्रीस आहे. बंदूक बोटीनं येताना समुद्राच्या हवेनं खराब होऊ नये म्हणून आत भरतात. विकत घेतल्यावर पहिल्या बाराच्या आधी ते काढायचं असतं. तुमच्याकडं ते कुणी काढलंच नाही. ते राहू देऊन कुणी एक बार जरी काढला असता, तरी ते जळून काळं झालं असतं. तिकडं शिक्का मारायच्या आधी परीक्षेचा बार काढतात, तो सोडला तर या नळीतून कधीच काही गेलेलं नाही. एकही नाही."

शेठांनी ते फडकं हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, परत ठेवलं.

"तुम्हाला नक्की कळतंय का, काय बोलताय ते?" त्यांनी विचारलं.

"नक्की कळतंय."

"नक्की म्हणजे... शपथेवर सांगाल?"

"पंचनाम्यावर सही करून देतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते बाजारपेठेतल्या जुन्या माणसांना अर्धंमुर्धं माहीत होतं, मला नव्हतं. त्यांच्या आजोबांच्या काळात पेढीवर दरोडा आला होता. आजोबांनी माडीच्या खिडकीतून बंदूक बाहेर काढली आणि दरोडेखोर पळाले. आजोबा शेवटपर्यंत सांगत राहिले, मी चाप ओढलाच नाही, नुसती नळी दाखवली. पण गावानं दुसरीच गोष्ट धरली. म्हणे शेठनं एकाला उडवला आणि साथीदारांनी त्याला खांद्यावर टाकून नेला. लोक ते कौतुकानं सांगायचे, शेठ मर्द निघाला म्हणून. जैन घरात ते कौतुक झेपणारं नव्हतं. शेठांचे वडील धर्माचे कडक. त्यांनी स्वतःच्या बापावर विश्वास ठेवला नाही. हायवेला पाणपोई घातली, चातुर्मासात उपास धरले, सगळं त्या न झालेल्या हत्येच्या प्रायश्चित्तापायी. बाप-लेकात नीट बोलणं राहिलं नाही.

"आजोबा शेवटी शेवटी तो विषयच काढत नव्हते," शेठ म्हणाले. "मी लहान होतो. मला पण वाटायचं, म्हातारा खोटं बोलतोय."

बाहेर हायवेवरून कांद्याचे ट्रक चालले होते. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "न्हाई हो शेठ. लोकं काय, एकाचं दोन करत्यात. माझ्या बाबतीत पन मनत्यात, बाईनं वाघ मारला. मी तर अजून वाघ बगितला पन न्हाई."

शेठ हसले. तेवढ्यानं खोली मोकळी झाली.

फौजदारांनी पंचनामा लिहिला. मी नळीखालचे खरे नंबर वाचून सांगितले, त्यांनी दोन्ही लायसनवर दुरुस्तीसाठी टिपण जोडलं. शेठांनी गंजकी बंदूक उचलली. ती कशी धरायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आडवी, दोन्ही हातांवर, लग्नातला आहेर धरावा तशी धरून ते उभे राहिले. बाईंनी आपली खांद्याला लावून बघितली, मान हलवली, मग शेठांना विचारलं, "आता परत म्यानात घालनार काय?"

"मग कशात ठेवायची?"

"मालकाच्या जुन्या धोतरात. सुती फडकं. गुंडाळायची आन् खुटीला टांगायची, भिंतीला लावून न्हाई. म्हैन्याला तेल."

शेठ ते लक्ष देऊन ऐकत होते, जणू कुणी औषध सांगतंय.

बाईंना मी जाताना सांगितलं, बिजागरी ढिली झालीय, तशीच उडवत राहू नका, माझ्याकडं आणा. पुढच्याच आठवड्यात त्या एसटीनं आल्या. मी खीळ काढली. आत तोच उजवीकडं झुकलेला कानसीचा हात. ती माझी चौथी. मी त्यांना ते दाखवलं, की हे बघा, तुमच्या बंदुकीचा कारागीर असा तिरका हात चालवायचा. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या गावच्या सुताराचं बी असंच हाय. रंधा एकीकडंच वडतो. पन दार बसवलं की हलत न्हाई." मी नवी खीळ घासून बसवली. तिसऱ्या खेपेला नळी जशी मिटायला हवी तशी मिटली. पुढं दोन हजार सालानंतर उसात बिबटे फार झाले तेव्हा त्यांनी एकटीनं रानात जाणं सोडलं आणि लायसन सुनेच्या नावावर करायचा अर्ज टाकला. सून पहिल्यांदा बंदूक सोडवून परत जोडायला शिकली ती माझ्या दुकानात. सासू शेजारी बसून चुका काढत होती.

शेठ मात्र दोनेक वर्षं आले नाहीत. पाणपोई चालू होती, ती मी येता-जाता बघायचो. मग एके दिवशी सकाळी दुकान उघडायला आणि ते यायला एकच गाठ पडली. सुती पंच्यात गुंडाळलेली बंदूक काखेत.

"लायसन परत करतोय," ते म्हणाले. "आमच्या घरात आता हिचं काम नाही. कलेक्टर ऑफिसात जमा करायचीय. पण अशी गंजकी नाही द्यायची. तुम्ही नीट करून द्या."

"जमा करून तिचं पुढं काय होईल सांगता येत नाही, शेठ. मोडीत पण काढतील."

"काढू देत. आपल्या हातून जाताना चांगली जायला पाहिजे."

असं काम मला पुन्हा मिळालं नाही. घाई कसली नव्हती आणि उडवायची नसल्यामुळं काही बदलायचंही नव्हतं. वरचा गंज मी तेलात भिजवून, तांब्याच्या पट्टीनं, हळूहळू उतरवला. खाली पोलादाचा जुना निळसर रंग जागोजाग शिल्लक होता. दस्ता जवसाच्या तेलानं चोळला तेव्हा लाकडाची साधीच रेघ वर आली, फारशी देखणी नाही, पण सरळ आणि प्रामाणिक. रूळ फिरवून काढलेली दोन पानं दिसायला लागली. आठवडाभर मी रोज थोडं थोडं केलं. एवढ्या स्वस्तातली, साठ-सत्तर वर्षांची आणि एकही बार न काढलेली बंदूक मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. पुण्यातल्या त्या मखमलीच्या पेट्यांशेजारी ठेवली असती तरी मला ती कमी वाटली नसती.

शेठ न्यायला आले तेव्हा मी नळी सोडवून त्यांच्या हातात दिली. "उजेडाकडं धरून आतून बघा."

ते दचकले. "यातून? डोळा लावू?"

"नुसती नळी आहे. रिकामी. बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नळी दुकानाच्या दाराकडं धरून एक डोळा लावला. ग्रीस निघाल्यावर आतून ती आरशासारखी निघाली होती. रस्त्यावरून कोण कोण जात होतं ते त्यांना त्या गोलात दिसत असणार. बराच वेळ ते तसेच उभे होते.

"कुठं डाग नाही हो," शेवटी ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी नळी माझ्याकडं दिली. मी ती जोडली, बंदूक मिटली, पंच्यात गुंडाळून वर सुतळी बांधली. चहा मागवला होता तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. पाणपोईचं विचारलं तर म्हणाले, "ती चालूच राहणार. उन्हाळा काय आजोबांसाठी थोडाच थांबतोय." मग पुण्याची गाडी चुकेल म्हणून घाईनं निघाले.